हेडलाइट, डिपर, इंडिकेटर: कधी, कोणता आणि कुणासाठी?

रातराणी (धागाकर्ती)

गाडी शिकून झाली, परवाना हातात आला, चढावर गाडी मागे घरंगळण्याची धास्तीही गेली. अडलंय ते दिव्यांपाशी. शिकवणी सगळी दिवसाउजेडी झाली. दांडी वर-खाली केली की इंडिकेटर लागतो, यापलीकडे कोणी काही सांगितलं नाही. आता रात्री गाडी काढायची वेळ येते आणि एकेक प्रश्न सुचत जातो.

दांडीच्या टोकाला फिरकी आहे, तिच्यावर 'ऑटो' लिहिलंय. तिथे ठेवून विसरून जायचं का? मग बाकीच्या खुणा कशाला? अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांब जाणारा झोत, नेमका कधी लावायचा? समोरच्याला त्रास नको म्हणून मी कायम लोअरवर, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोतावरच असते, तर शेजारी बसलेले म्हणतात, 'अगं, तुला दिसतंय का काही?' समोरून कुणी डिपर मारला तर त्याचा अर्थ 'तू ये' की 'मी येतोय, तू थांब'? आणि पावसात चारही इंडिकेटर लुकलुकवत जाणारे बरोबर करतात का?

मॅन्युअल वाचलं. बटण कुठे आहे ते त्यात आहे, कधी दाबायचं ते नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

फिरस्ती

रुमाल टाकून ठेवते. इंडिकेटरबद्दल खूप बोलायचंय.

चक्रधर

धागा आवडला. दिव्यांवर कुणी बोलत नाही, सगळी चर्चा मायलेजवर.

आधी खुणा. फिरकीचं पहिलं घर पार्किंग लाइटचं. पुढे दोन बारीक दिवे, मागे टेल लाइट आणि नंबरप्लेटवरचा दिवा. उभी गाडी अंधारात दुसऱ्याला दिसावी एवढंच त्यांचं काम. संध्याकाळी बरेच जण याच घरावर गाडी पळवतात, ते चूक. अंधारू लागलं की सरळ दुसरं घर, हेडलाइट.

हेडलाइट लागल्यावर दांडी पुढे ढकलली की बहुतेक गाड्यांत अप्पर लागून राहतो. आपल्याकडे ओढून सोडली की क्षणभर लागतो आणि जातो, तो डिपर मारणं. डॅशबोर्डवर निळी खूण पेटली की अप्पर चालू आहे. सगळ्या गाड्यांत हा रंग निळाच असतो, तो मुद्दाम वेगळा ठेवलाय. समोरून गाडी आली की आधी ते निळं विझलं का, एवढं बघायचं. लोअरची खूण हिरवी, तिच्या रेघा खाली झुकलेल्या.

पुढच्या फॉग लॅम्पची खूण हिरवी, मागच्याची पिवळी, आणि दोन्हींत किरणांना छेदणारी एक नागमोडी रेघ असते. बरेच जण मागचा फॉग लॅम्प चुकून लावतात आणि कोरड्या रात्री मागच्याला जाळत जातात. पिवळी खूण दिसली तर विचार करा, खरंच धुकं आहे का.

आता अप्पर. समोर कुणी नाही, पुढेही कुणी नाही, रस्त्यावर दिवे नाहीत: अप्पर लावा, बिनधास्त. तो त्यासाठीच आहे. समोरून गाडी, सायकल, माणूस, काहीही आलं की लोअर. आणि हे लोक विसरतात: पुढे त्याच दिशेने जाणारी गाडी असेल तरी लोअर. तुमचा अप्पर तिच्या तिन्ही आरशांतून ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.

निशाचर

चक्रधरकाकांशी सहमत. थोडी भर घालतो, रात्रीचं ड्रायव्हिंग बरंच होतं म्हणून.

वळणावर गाडी दिसायची वाट बघायची नसते. आधी तिच्या उजेडाची आभा दिसते, झाडांवर किंवा कठड्यावर. ती दिसली की लगेच लोअर. चढाच्या माथ्यावरही तसंच, कारण माथ्यावर दोन्ही गाड्यांचे दिवे एकदम एकमेकांच्या काचेवर येतात.

डाव्या बाजूने वाहतूक असेल तिथे डावं वळण जास्त त्रासाचं. गाडी डावीकडे वळत असते पण दिव्याचा झोत सरळ रेषेत जातो, म्हणजे थेट समोरच्या लेनवर. त्यामुळे डाव्या वळणावर लोअर जरा लवकर. उजव्या वळणावर झोत रस्त्याच्या डाव्या कडेला जातो, तिथे क्षणभर उशीर चालतो.

ओव्हरटेक करताना पुढच्याच्या मागे असेपर्यंत लोअर. त्याच्या बरोबरीला आलात आणि समोर मोकळं असेल तर अप्पर, मग पुढचा रस्ता दिसतो. आणि ज्याला ओव्हरटेक केलं, त्याने आता आपला अप्पर खाली घ्यायचा, कारण पुढे तुम्ही आहात.

भौतिकवाला

रातराणीताई, 'कायम लोअर' याबद्दल थोडं गणित. शेजारी बसणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून २० मीटर. एकूण ४५. ताशी ८० ला हाच हिशेब ६८ मीटरच्या आसपास जातो, १०० ला ९७ च्या. ओल्या रस्त्यावर याहून बराच जास्त.

आता लोअरचा कामाचा उजेड साधारण ४० ते ६० मीटर. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर लोअर लावून ताशी ८० ने जाताना, उजेडात पहिल्यांदा दिसलेल्या गोष्टीआधी तुम्ही थांबूच शकत नाही. काळे कपडे घातलेला माणूस तर त्याहून जवळ आल्यावर दिसतो. त्यामुळे दोनच पर्याय: रस्ता रिकामा असेल तर अप्पर लावा, किंवा वेग कमी करा. अप्पर खाली घेतला की वेगही थोडा उतरला पाहिजे, हे मी फार कमी लोकांना करताना पाहिलंय.

बिनधास्त

एवढा हिशेब करत कोण गाडी चालवतं? समोरचा अप्पर मारतो तर मी पण मारतो. त्याशिवाय त्यांना कळत नाही.

भौतिकवाला

@बिनधास्त: मग रस्त्यावर एक आंधळा होता, आता दोन झाले. दोघे ताशी ६० ने येत असाल तर एकमेकांकडे सेकंदाला ३३ मीटर सरकताय. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात, वय वाढेल तसे अधिक. त्या सेकंदांत तुम्हाला काय दिसणार आणि त्याला काय दिसणार?

निशाचर

एकदाच छोटा डिपर द्यायचा, आठवण म्हणून. त्याने ऐकलं तर ठीक. नाही तर नजर त्याच्या दिव्यावरून काढून रस्त्याच्या आपल्या कडेवर, पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, वेग कमी करायचा आणि जाऊ द्यायचं. मागून कुणी अप्पर टाकत असेल तर आतल्या आरशाखाली छोटी पट्टी असते, ती ओढली की आरसा मंद होतो. खूप जणांना ती पट्टी कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

आणखी एक. हल्ली काही गाड्यांचा लोअरच इतका पांढरा आणि प्रखर असतो की तो अप्पर वाटतो. तुम्ही डिपर मारता, आणि तो बिचारा (की चिडका?) आपला खरा अप्पर एकदा दाखवून देतो. मग कळतं.

गॅरेजवाला

निशाचर म्हणतात ते बरोबर, पण त्या 'प्रखर लोअर'पैकी अर्धे तरी दिवे चुकीचे बसवलेले किंवा वर चढलेले असतात. ह्यात माझा रोजचा वेळ जातो, म्हणून लांबण लावतो.

एक, हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा आकार त्या बल्बमधली तार नेमकी कुठे आहे हे धरून काढलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो. त्यात एलईडीची चिप बसवली की उजेड निघतो, पण तो जायला नको तिथे जातो: वर, समोरच्याच्या डोळ्यांत. मालक गाडीजवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून खूश. लांबचं त्याला पूर्वीपेक्षा कमीच दिसत असतं, कारण जवळचा रस्ता उजळला की बाहुल्या आकसतात. मूळ एलईडी घेऊन आलेल्या गाडीचं वेगळं, तिथे भिंग आणि रिफ्लेक्टर त्या चिपसाठीच केलेले असतात.

दोन, मोठ्या वॅटचे बल्ब. एच४ बल्ब अप्परला ६० आणि लोअरला ५५ वॅटचा असतो. वायरिंग, सॉकेट, रिफ्लेक्टर सगळं त्या हिशेबाने. लोक १००/९० चा टाकतात आणि मग सॉकेट वितळलं की माझ्याकडे येतात.

तीन, झोताची उंची. हे घरी बघता येतं. गाडी सपाट जागी, भिंतीसमोर १० मीटरवर. टायरमधली हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला खूण करा. आता लोअर लावा. उजेड जिथे कापल्यासारखा संपतो ती रेघ खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतार, एक टक्का. दिवा ज्या घरात बसतो त्यावर बहुधा नेमका टक्का छापलेला असतो, तो पाळा. रेघ खुणेच्या वर असेल तर तुम्ही लोअर लावूनही सगळ्यांना अप्परच मारताय.

चार, डॅशबोर्डवरचं ० ते ३ चं चाक. लोकांना वाटतं आकडा वाढला की उजेड वाढला. तो मागे वजन असेल तेव्हा झोत खाली घ्यायला आहे. एकटा ड्रायव्हर असेल तर ०. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर येतं, तेव्हा आकडा वाढवायचा. कुठल्या वजनाला कुठला आकडा, हे मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांत हे आपोआप होतं, त्यात चाकच नसतं.

रातराणी

गॅरेजवाला, वाचनखूण साठवली. ते चाक मी ३ वर ठेवलं होतं, जास्त उजेडासाठी! शेजारच्यांना काही दिसत नव्हतं ते उगाच नाही. 😀

दूरदेशी

लोअरच्या त्या रेघेबद्दल आणखी एक गंमत. ती सरळ आडवी नसते. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांतल्या गाडीत तिचा डावा भाग वर चढत जातो, म्हणजे कडेचा माणूस, पाटी, दगड लांबून दिसावेत आणि उजवीकडे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये. उजवीकडून चालणाऱ्या देशांत याच्या उलट. म्हणून एका देशातली गाडी बोटीने दुसरीकडे नेली, जसं ब्रिटनमधून फ्रान्सला, की तिचा चढता कोपरा नेमका समोरच्यांवर येतो. मग काचेवर चिकटपट्टी लावतात, किंवा नव्या गाडीत सेटिंग बदलतात.

दांडीचाही घोळ. जपानी वळणाच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, युरोपीय वळणाच्या गाड्यांत डाव्या. गाडी बदलली की पहिले काही दिवस वळताना वायपर फिरतो. इथे कुणाचा फिरला नसेल त्याने हात वर करावा.

फिरस्ती

आता माझी पाळी. इंडिकेटर.

मला सर्वात राग येतो तो वळता वळता इंडिकेटर देणाऱ्यांचा. गाडी आडवी झाली, मला ब्रेक मारावा लागला, आणि आता लुकलुकतोय. तेव्हा तो देऊन काय उपयोग? ते तर मला गाडी बघूनच कळलं. क्रम असा: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग मान वळवून आंधळा कोपरा (आरशात न दिसणारा भाग) बघायचा, मग हालचाल. लेन बदलताना निदान तीन सेकंद आधी. वळायचं असेल तर ब्रेक दाबायच्याही आधी, म्हणजे मागच्याला कळतं की हा का थांबतोय.

आणि इंडिकेटर ही विनंती आहे, हक्क नाही. 'मी दिला होता की' असं म्हणून कुणाच्या पुढ्यात घुसता येत नाही.

दांडी पूर्ण न ढकलता नुसती टिचकी मारली तर बऱ्याच गाड्यांत तीन वेळा लुकलुकून थांबतो. लेन बदलायला सोयीचं, पण गर्दीत तीन वेळा पुरत नाही, तेव्हा धरून ठेवावं. उलट हलक्या वळणावर स्टिअरिंग पुरेसं फिरत नाही, त्यामुळे इंडिकेटर आपोआप बंद होत नाही आणि माणूस चालू इंडिकेटर घेऊन मैलभर जातो. मागचा बिचारा 'आता वळेल, मग वळेल' करत.

पायीपायी

मी गाडी चालवत नाही, रस्ता ओलांडतो. म्हणून गाडीवाल्यांना एक सांगणं.

'आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून इंडिकेटर दिला नाही' हे वाक्य मी खूपदा ऐकतो. कुणी नव्हतं असं तुम्हाला वाटलं. मी होतो, खांबामागे. गाडी सरळ जाणार असं धरून मी पाय टाकतो आणि ती माझ्याच गल्लीत वळते. इंडिकेटर ज्यांना तुम्ही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठीच जास्त लागतो.

दुसरं, डिपर. मला रस्ता द्यायला गाडीवाले डिपर मारतात. उजेड सरळ डोळ्यांत, आत कोण काय खुणावतंय ते दिसत नाही. आणि शेजारच्या लेनमधल्याने कुठे डिपर मारलेला असतो? तो येतोच.

चक्रधर

पायीपायींनी रातराणीच्या डिपरच्या प्रश्नाला हात घातला. याचं सरळ उत्तर: डिपरचा अर्थ 'मी इथे आहे' एवढाच धरा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही हेच आहे, डिपर फक्त आपलं अस्तित्व कळवायला, दुसरा कुठलाही निरोप द्यायला नाही. काही ठिकाणी लोक 'तू ये' म्हणून मारतात, काही ठिकाणी 'मी येतोय, हलू नकोस' म्हणून. एकाच चौकात दोन्ही प्रकारचे भेटतात. त्यामुळे कुणी डिपर मारला म्हणून कधीही पुढे जायचं नाही. गाडी थांबली आहे, चाकं फिरत नाहीत, शेजारची लेनही थांबली आहे, हे डोळ्यांनी बघून जायचं.

फिरस्ती

तसंच पुढच्या ट्रकचा इंडिकेटर. उजवा दिला तर 'समोरून येतंय, थांब' की 'मी उजवीकडे वळतोय'? डावा दिला तर 'जा पुढे' की 'मी डावीकडे उभा राहतोय'? काही प्रदेशांत हे संकेत बरोब्बर उलटे आहेत. त्याच्या भरवशावर ओव्हरटेक नको. समोरचा रस्ता स्वतःला दिसत नसेल तर मागेच थांबा.

बिनधास्त

बरं, ते पावसात हजार्डचं? मी लावतो. चार दिवे लुकलुकले की लांबून दिसतं. यात काय वाईट?

गॅरेजवाला

हजार्ड लावलात की तुमचा इंडिकेटर गेला. बहुतेक गाड्यांत चारही लुकलुकत असताना उजवा की डावा, काही दाखवता येत नाही. शिवाय गर्दीत मागच्याला तुमचा एकच कोपरा दिसत असेल तर त्याला तो साधा इंडिकेटर वाटतो, आणि उभी गाडी व चालती गाडी यातला फरकही जातो. लांबून दिसायचं असेल तर हेडलाइट लोअरवर लावा, म्हणजे टेल लाइटही लागतात. पाऊस इतका असेल की तेही दिसत नाहीत, तर मग गाडी चालवायची वेळच नाही.

चक्रधर

हजार्ड मुख्यतः उभ्या गाडीसाठी. बंद पडली, टायर गेला, अपघात झाला. चाबी काढली तरी ते चालतात, म्हणूनच तसं केलंय. एक अपवाद माझ्या मते योग्य: मोठ्या वेगाच्या रस्त्यावर पुढे अचानक सगळं थांबलंय आणि रांगेत शेवटचे तुम्ही आहात, तेव्हा मागच्याला कळावं म्हणून थोडा वेळ. मागे दोन-तीन गाड्या थांबल्या की बंद. नव्या काही गाड्या ५० च्या वर वेग असताना जोरात ब्रेक लागला तर दिवे स्वतःच झपाझप लुकलुकवतात.

आणि चौकात 'मी सरळ जातोय' हे सांगायला हजार्ड लावणारे! सरळ जायला कुठलाच दिवा लागत नाही. शेजारून बघणाऱ्याला तुमचा एकच इंडिकेटर दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही त्याच्या बाजूला वळताय.

बिनधास्त

हे शेवटचं पटलं. पावसाचंही बघतो.

निशाचर

'ऑटो'चा प्रश्न राहिलाच. त्यात मोठा सापळा आहे.

ऑटोला फक्त उजेड कळतो. काचेच्या वरच्या भागात सेन्सर असतो, अंधारलं की हेडलाइट लागतात, बोगद्यातही लागतात. पण सकाळचं दाट धुकं हे पांढरं आणि उजळ असतं. सेन्सरच्या लेखी तो दिवस. दिवसा पाऊस असेल तरी तेच, काही गाड्यांत वायपरबरोबर दिवे लागतात तेवढा अपवाद. म्हणून धुक्यात आणि पावसात फिरकी हाताने हेडलाइटवर.

दुसरा सापळा डीआरएलचा. दिवसा पुढे लागणारे ते दिवे बहुतेक गाड्यांत फक्त पुढेच असतात. युरोपात २०११ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहेत, स्वीडनमध्ये तर दिवसा दिवे लावायचा नियम १९७७ पासून. चांगलीच गोष्ट. पण शहरातल्या झगमगाटात पुढे डीआरएलचा उजेड दिसतो, डॅशबोर्डही आपोआप उजळलेला असतो, आणि ड्रायव्हरला वाटतं दिवे लावलेत. मागून गाडी पूर्ण काळी. असं कुणी दिसलं तर सिग्नलला शेजारी थांबून सांगा, डिपरने त्याला काही कळत नाही.

भौतिकवाला

ऑटो अप्परबद्दलही. कॅमेरा समोरचे दिवे ओळखून अप्पर खाली घेतो. पण पायी चालणाऱ्याला दिवा नसतो, बिनदिव्याच्या सायकललाही नसतो. दुभाजकापलीकडून ट्रक येत असेल तर त्याचे हेडलाइट कठड्याआड झाकलेले, मात्र ड्रायव्हरचे डोळे वर. कॅमेऱ्याला काही दिसत नाही, ट्रकवाल्याला सगळं दिसतं. तेव्हा दांडीवर हात असू द्या.

धुक्यात अप्पर का नाही, तेही सांगून टाकतो. धुक्याचे थेंब उजेड सगळीकडे विखुरतात, त्यातला बराच तुमच्याकडे परत येतो. झोत जितका वर आणि जोरदार, तितकी पांढरी भिंत जवळ. पुढचे फॉग लॅम्प खाली बसवलेले असतात आणि झोत रुंद, चपटा असतो, म्हणून रस्त्याची कड दिसते. मागचा फॉग लॅम्प अगदीच कमी दिसत असेल तेव्हाच. जर्मनीत ५० मीटरच्या आत दृश्यमानता आली तरच तो लावायची परवानगी आहे, ब्रिटनमध्ये १०० मीटर. मागे गाडी येऊन ठेपली आणि तिला तुम्ही दिसताय, की तो बंद करावा. नाहीतर त्या लाल उजेडात तुमचा ब्रेक लाइट वेगळा ओळखू येत नाही.

रातराणी

कितीतरी गोष्टी कळल्या. आणखी दोन छोटे प्रश्न. गोल चौकात इंडिकेटर कसा द्यायचा? आणि माझा उजवा इंडिकेटर हल्ली फार भरभर टिकटिक करतो, डावा नेहमीसारखा. काही बिघडलंय का?

फिरस्ती

गोल चौक, वाहतूक डावीकडून धरून. पहिल्याच फाट्याला डावीकडे जायचं तर आधीपासून डावा. सरळ जायचं तर शिरताना काही नाही, पण तुमच्या फाट्याच्या आधीचा फाटा ओलांडला की डावा. उजवीकडे किंवा उलट फिरायचं तर शिरतानाच उजवा, आणि बाहेर पडण्याआधी तसाच डावा. बाहेर पडतानाचा डावा कुणीच देत नाही, आणि आत शिरायला थांबलेल्याला नेमका तोच हवा असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांतही बाहेर पडताना तो लागतो, फक्त बाजू उलटी.

आठवणीतला

अवांतर: पूर्वी गाड्यांना लुकलुकणारे इंडिकेटर नसत. दाराशेजारच्या खांबातून एक छोटा पेटता हात बाहेर यायचा, वळून झालं की आत. १९३९ च्या ब्यूकमध्ये लुकलुकणारे आले. हात अडकून बसायचा तेव्हा लोक वरून टपली मारायचे.

गॅरेजवाला

रातराणीताई, भरभर टिकटिक म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा असा नियम आहे. बल्ब गेला की वेग वाढतो, तुम्हाला कळावं म्हणूनच. हजार्ड लावून गाडीभोवती फेरी मारा, कुठला गेलाय ते दिसेल. बल्ब त्याच प्रकारचा घ्या. एलईडी टाकलात तर तो वीज इतकी कमी घेतो की गाडीला बल्ब गेलाच आहे असं वाटतं आणि टिकटिक तशीच राहते.

ब्रेक लाइट एकटीने तपासायचा तर गाडी भिंतीकडे किंवा काचेकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा, आरशात लाल उजेड दोन्हीकडे पडतो का बघा. अर्थात संध्याकाळी, उन्हात कळत नाही.

रातराणी

मागचा गेलाय. हेडलाइटचाही एक पिवळट वाटतोय, तोही बदलू का? घरी जमेल?

गॅरेजवाला

आधी काच बघा. बाहेरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं, मग नवा बल्बही पिवळाच दिसतो. काच पॉलिश करून घेतली तर बराच फरक पडतो.

बल्बच बदलायचा असेल तर दिवे बंद करून गार होऊ द्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून तिथे काच जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो. कापडाने किंवा कागदाने धरा, लागलंच तर स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एक गेला की दुसराही फार मागे नसतो. आणि बसवून झालं की पुन्हा भिंतीसमोर १० मीटरवर उभी करा.